अवनीचा सुळा

शनिवार पेठ, पुणे
८ डिसेंबर २०२५

श्री. पू. सातव,
डिझाइन विभाग, वाघोली

नमस्कार वगैरे झाला असं समजा.

तुमच्या संकेतस्थळावर शेरा लिहायला जी चौकट दिली आहे तिच्यात दोनशे अक्षरं मावतात. माझी गेल्या आठवड्यातली तक्रार दोनशेव्या अक्षराला तुटली आणि ‘आपण केलेल्या कौतुकाबद्दल आभार’ असं उत्तर आलं. म्हणून हे पत्र. साच्यांचे रिकामे डबे न्यायला तुमचा कुरियरवाला येतोच, त्याच्याबरोबर देत आहे. उत्तर डब्यातूनच पाठवा.

मी बत्तीस वर्षं दातांवर तारा ओवायचे ब्रॅकेट हातानं चिकटवले. एकेक, चिमट्यात धरून, डोळ्यांनी अंदाज घेऊन. आता पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवते, चित्र तुमच्याकडे जातं, तुम्ही पडद्यावरच्या दातांवर ब्रॅकेट मांडता आणि त्याचा साचा करून पाठवता. मी तो दाबून बसवला की सगळे ब्रॅकेट एका दमात जागच्या जागी. यात वेळ वाचतो हे मी एकदा मान्य केलं आहे, पुन्हा करणार नाही.

आज एक चित्र पाठवलं आहे. नाव अवनी, वय पंचवीस. वरच्या डाव्या बाजूचा सुळा, तुमच्या भाषेत तेवीस नंबर, शेजारच्या दातावर चढून बसला आहे. दातावर दात म्हणतात तो प्रकार. मुलीचं एप्रिलअखेर लग्न आहे आणि होणाऱ्या सासूबाईंना तोवर सगळं ओळीत हवं आहे. दीड वर्ष लागेल असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं असं वाटत नाही.

सुळ्यासकट वरच्या चौदाही दातांवर ब्रॅकेट मांडून साचा पाठवा.

डॉ. मंदाकिनी गद्रे


वाघोली
१२ डिसेंबर २०२५

माननीय डॉक्टर,

पत्र मिळालं. या ऑफिसात हातानं लिहिलेलं पत्र पहिल्यांदाच आलं. ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचं यावर अर्धा तास चर्चा झाली.

साचा सोबत आहे. त्यात तेरा ब्रॅकेट आहेत. तेवीस नंबर रिकामा ठेवला आहे. दात एकावर एक असल्यामुळे सॉफ्टवेअरला त्याचा दर्शनी भाग नीट सापडला नाही. आपण तो एक हातानं लावून घ्यावा, आपल्याला सवय आहेच.

एक सूचना. पेशंटच्या नावाची एकदा खात्री करून घ्यावी. नाव चुकलं तर साचा भलत्याच्याच तोंडात जातो. इथे तसं एकदा झालेलं आहे.

पू. सातव


शनिवार पेठ
१९ डिसेंबर २०२५

श्री. सातव,

सॉफ्टवेअरला दिसलं नाही, मान्य. तुम्हाला डोळे आहेत ना? मी पाठवलेलं चित्र स्वतः पडद्यावर फिरवून बघितलं. सुळ्याचा दर्शनी भाग पाऊण तरी उघडा आहे. माझ्या इथे चहा आणणाऱ्यालासुद्धा दिसला. तुमच्याकडून आजवर चाळीसेक साचे आले, सगळे चोख. त्यामुळे हा आळस आहे असं म्हणता येत नाही, आणि दुसरं काय असावं ते मला कळत नाही. साचा परत पाठवते आहे.

नावाची खात्री मी केली आहे. सासूबाईंनी, हेमाताई त्यांचं नाव, स्वतः फॉर्म भरला.

आता ऐका, कारण काम अडलं आहे. परवा त्या पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, ‘दीड वर्ष तारा नकोत, फोटोत चांगलं दिसणार नाही. तो एक दात काढूनच टाका, म्हणजे बाकीचे आपोआप ओळीत दिसतील.’ दिसतील, खरं आहे. दहा मिनिटांचं काम. पण सुळा हा तोंडाच्या कोपऱ्यातला खांब असतो. सगळ्यांत लांब मूळ त्याचं. म्हातारपणी बाकीचे दात पडतात तेव्हाही हा उभा असतो. निरोगी सुळा फोटोसाठी काढायचा हे मला जमणार नाही असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आम्ही दुसरीकडे जाऊ. दहा जानेवारीला, शनिवारी, दुसरीकडची वेळ घेऊनही ठेवली आहे.

आणि ती मुलगी! खुर्चीत पडून राहिली होती. मी तिला विचारलं, ‘दुखतंय का?’ तर हेमाताई म्हणाल्या, ‘नाही, नाही.’ मी विचारलं, ‘तुला काय हवंय?’ तर हेमाताई म्हणाल्या, ‘तिची काही हरकत नाही.’ मुलीनं ओठसुद्धा हलवला नाही. हिला मराठी येत नाही की काय अशी मला शंका आली. अशा मुलींचा मला राग येतो. शिकलेल्या, कमावत्या, आणि तोंडात बोळा.

तरी प्रयत्न करायचा. तो सुळा दीड वर्षात हळूहळू खाली उतरून ओळीत येताना दिसेल असं चलत्‌चित्र करून पाठवा. डोळ्यांनी बघितलं तर कदाचित त्या थांबतील. आणि साचा चौदा ब्रॅकेटचा.

डॉ. मंदाकिनी गद्रे


वाघोली
२६ डिसेंबर २०२५

माननीय डॉक्टर,

चलत्‌चित्र पेन ड्राइव्हवर पाठवलं आहे. सुळा खाली येताना दिसतो. हेमाताईंना दाखवा. त्या बघतील आणि म्हणतील, छान आहे, पण एप्रिलमध्ये.

साचा अजून झालेला नाही. होईल.

आपण त्या मुलीबद्दल लिहिलंत त्याला उत्तर द्यायचं माझं काम नाही, तरी देते. मुलगी गप्प बसली की राग मुलीचाच का येतो सगळ्यांना? तिच्या डोक्यावरून बोलणाऱ्या बाईचा का येत नाही? त्या बाईला आपण ‘ताई’ म्हणता आणि मुलीच्या तोंडात बोळा! त्या खुर्चीत आडवं पडल्यावर, तोंडात दोन आरसे आणि एक नळी असताना, वर तो खडकवासल्याचा फोटो बघत माणूस काय बोलणार? तो फोटोही सरळ लावलेला नाही. धरणाची भिंत एका बाजूला उतरती दिसते. पाणी सांडेल असं वाटत राहतं.

आमच्याकडे दातावर दात नशिबाचा मानतात. आमची आजी, मुक्ताबाई, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून अजून सगळ्यांना सांगते, ‘दातावर दात हाय, नशीबवान हाय. कुनाला हात लावू देऊ नका.’ मी असलं काही मानत नाही. पण निदान त्यात दाताला कोणी नावं ठेवत नाही.

जास्त लिहिलं गेलं. माफी मागत नाही.

पू. सातव


शनिवार पेठ
३० डिसेंबर २०२५

चि. पूर्वा,

नाव बरोबर आहे ना? तुमच्या ऑफिसला फोन करून विचारलं. ‘सातव साहेब आहेत का?’ म्हटल्यावर तिकडची मुलगी हसली.

‘तरी देते’ असं लिहिलंस तेव्हा माझा ‘श्री.’ गळून पडला. पण ते सोड. खडकवासल्याचा फोटो माझ्या दवाखान्यात छताला चिकटवलेला आहे. तो उभ्या माणसाला दिसत नाही. बरोबर आलेल्यांना दिसत नाही, हेमाताईंना दिसला नाही, तुमच्या कुरियरवाल्याला दिसत नाही. फक्त खुर्चीत पडलेल्याला दिसतो. आणि तो वाकडा आहे हे बत्तीस वर्षांत मला एकानंही सांगितलं नव्हतं. काल मी स्वतः खुर्चीत पडून बघितलं. वाकडा आहे.

मग संमतीपत्र काढलं. त्यावर पेशंटची सही ‘अवनी’ अशी आहे, पण तिच्याखाली आधी ‘पू’ लिहून खोडलेला आहे. शेजारी तुझी दोन्ही पत्रं ठेवली. अक्षर एकच.

तुझ्याबद्दलच तुला मी ‘तोंडात बोळा’ लिहिलं. मागे घेत नाही, कारण वाचून तू बोलायला तरी लागलीस. पण मला लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगशील का? आणि तेवीस नंबर रिकामा का?

डॉ. मंदाकिनी गद्रे


वाघोली
४ जानेवारी २०२६

डॉक्टर,

तुमचं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आज रविवार, घरी सगळे आहेत, म्हणून ऑफिसात येऊन लिहिते आहे.

हो, ते माझेच दात. अवनी मीच, म्हणजे होणार आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहायचं माझं नवं नाव होणाऱ्या नवऱ्याच्या, पियुषच्या घरी ठरवून झालं आहे. साखरपुड्यातच ठरलं. मला आवडलं का असं पियुषनं विचारलं होतं, तेव्हा मी छान आहे म्हटलं. नाव छानच आहे. मग हेमाताईंनी तुमच्याकडे फॉर्म भरताना तेच घातलं. म्हणाल्या, ‘पुढे तेच चालणार, पुन्हा कागद बदलत बसायला नको.’ मी शेजारीच बसले होते. सही करताना हात सवयीनं ‘पू’कडे गेला, तर त्या हसून म्हणाल्या, ‘अगं, विसरलीस का?’ आणि मी खरंच चूक झाल्यासारखी खाडाखोड केली.

मी कॉम्प्युटरवर काम करते एवढंच त्यांना माहीत आहे. नेमकं काय करते ते कोणी विचारलेलं नाही.

आमच्याकडे कोणाचं चित्र कोणाच्या वाट्याला येईल ते कॉम्प्युटर ठरवतो. पडद्यावर माणूस नसतो. ओठ नाहीत, गाल नाहीत, नुसते राखाडी दात आणि हिरड्या. दिवसाला बारा-पंधरा तोंडं. मी कधी कोणाचा विचार केला नाही, अर्धा मिलिमीटर वर, अर्धा खाली, पुढचं. नऊ डिसेंबरला सकाळी ‘अवनी’ उघडलं आणि मी खुर्ची मागे सरकवली. रोज जिभेनं चाचपते तो दात. तो मागून कसा दिसतो ते मी पहिल्यांदा बघितलं.

तेरा ब्रॅकेट नेहमीसारखे लावले. तेवीसवर हात जाईना. तीनदा लावला, तीनदा काढला. सॉफ्टवेअरला दात व्यवस्थित दिसत होता. मी तुमच्याशी खोटं बोलले.

मला तो दात नशिबाचा म्हणून जपायचाय असं समजू नका. तसं असतं तर सोपं होतं. चौदाव्या वर्षापासून मला तो ओळीत हवा आहे. त्याच्यामागे घास अडकतो, शेजारच्या दाताची हिरडी मागे सरकली आहे, फोटोत मी उजवी बाजू पुढे करूनच उभी राहते. घरी तेव्हा आजीनं हात लावू दिला नाही. मग मी हे काम शिकले, डेंटल मेकॅनिकचा कोर्स केला, हजारो लोकांचे दात ओळीत लावले. माझे राहिले. आणि आता लागणार तेही अवनीचे लागणार. किंवा अवनी तो काढून टाकणार, मला न विचारता.

शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. मी अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही. पियुषला सांगून बघितलं. तो म्हणाला, ‘अगं, इट्स जस्ट वन टूथ, यार. आईशी त्यावरून कशाला पंगा?’ तो वाईट नाही. मला तो आवडतो, हीच तर पंचाईत आहे. तो असं म्हणाला आणि मला वाटलं, खरंच, एक दात तर आहे. रात्रभर तसं वाटलं. सकाळी ब्रश करताना जीभ तिथे गेली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू.

पडद्यावर मी दिवसभर ठरवते, हा दात इकडे, तो तिकडे. स्वतःच्या तोंडातलं एक वाक्य मला बाहेर काढता येत नाही. मला माझाच इतका राग येतो की तुमचा बोळा त्यापुढे काहीच नाही.

काय करू ते सांगू नका. सगळे सांगतातच.

पूर्वा


शनिवार पेठ
६ जानेवारी २०२६

चि. पूर्वा,

काय कर ते सांगत नाही. शनिवारच्या आत पोचावं म्हणून कुरियरवाल्याची वाट न बघता फॉर्मवरच्या तुझ्या घरच्या पत्त्यावर रिक्षावाल्याच्या हाती पाठवते आहे. तो पत्ता शोधताना वाघोलीला शिव्या देईल, त्या माझ्या नावावर.

दवाखान्याच्या पाटीवर मंदाकिनी आहे. भिंतीवरच्या पदवीवर कल्याणी आहे. पेशंट विचारतात, ‘या दुसऱ्या डॉक्टर कधी बसतात?’ मी म्हणते, त्या लग्नापासून रजेवर आहेत. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, खरंच सांगते. सगळ्यांची बदलत होती. मग पासपोर्टला प्रतिज्ञापत्र, बँकेत प्रतिज्ञापत्र, कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींना फोन केला की आधी ओळख पटवायची. मंदाकिनी काही वाईट बाई नाही. आमचं बरं चाललंय. पण तिला आणायचं की नाही हे कल्याणीला कोणी विचारलं नाही, आणि कल्याणीनंही आपण होऊन सांगितलं नाही. आता उशीर झाला. पाटी बदलायची तर पेठेत रंगारी मिळत नाही.

तुला एकच माहितीची गोष्ट सांगते, सल्ला नव्हे. पंचवीस वर्षांच्या माणसाचा दात त्याच्या सहीशिवाय कोणालाही काढता येत नाही. सासूची सही चालत नाही, नवऱ्याची चालत नाही, तू तर अजून कोणाची सूनही नाहीस. आणि अवनी नावाची बाई अजून जन्माला आलेली नाही. तिच्या सहीनं कोणाचा दात निघणार?

एवढंच.

मंदाकिनी गद्रे


वाघोली
१८ जानेवारी २०२६

डॉक्टर,

रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या. आजीनं त्याला चहा दिला तेव्हा गप्प झाला.

शनिवारी गेले. त्या रात्री लिहायला घेतलं होतं, पण तीन कागद फाडले आणि मला तुमच्यासारख्या बाईला खाडाखोडीचं पत्र पाठवायचं नव्हतं.

तिकडे कोणतीही मारामारी झाली नाही. दवाखाना मोठा, थंड. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. वर नाव छापून आलं होतं, अवनी. खाली सही. मी पेन घेतलं आणि लिहिलं, पूर्वा हिंदुराव सातव. सगळं, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, नाव मॅच होत नाही.’ हेमाताई म्हणाल्या, ‘अगं, अवनी लिही ना, पुन्हा विसरलीस.’

मी म्हटलं, ‘विसरले नाही. अवनी अजून आलेली नाही. ती आली की तिला विचारा. मला दात काढायचा नाही.’

आवाज इतका लहान निघाला की हेमाताई म्हणाल्या, ‘काय?’ मग मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं आलं. तिथले डॉक्टर बाहेर आले, त्यांनी दोन्ही नावं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म बाजूला ठेवला. म्हणाले, ‘मग प्रश्नच मिटला.’ हेमाताईंनी मला गाडीनं वाघोलीला सोडलं. उतरताना म्हणाल्या, ‘तुझ्या घरच्यांनी आधी सांगायला हवं होतं.’ काय सांगायला हवं होतं ते मला कळलं नाही. माझं नाव, बहुतेक.

पियुषनं सहा दिवस फोन केला नाही. मी दिवसातून वीस वेळा फोन बघत होते. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि माझ्याकडे बघायची. अप्पा म्हणाले, ‘पोरगी दाताच्या पायी सोयरीक मोडून बसती का काय.’ आजी मात्र खूश आहे, तिला वाटतंय तिच्या सांगण्यावरून दात राहिला.

सातव्या दिवशी त्याचा फोन आला. बराच वेळ ट्रॅफिकबद्दल बोलला. मग म्हणाला, ‘मग मी तुला काय म्हणू?’ मी म्हटलं, ‘दोन वर्षं काय म्हणत होतास?’ तो म्हणाला, ‘आईला कसं सांगू?’ मी म्हटलं, ‘मी सांगितलंय, तू फक्त पुन्हा म्हण.’ त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला. एप्रिलचा हॉल अजून आमच्या नावावर आहे, त्यापलीकडे मला काहीही माहीत नाही. पण झोप लागते.

साचा सोबत आहे. चौदा ब्रॅकेट. तेवीस नंबर मी स्वतः लावला, एका खेपेत, आणि नंतर हलवला नाही. डब्यावरचं नाव बदललं आहे, तुमच्या रजिस्टरमध्येही बदलून घ्या. पाच फेब्रुवारीला, गुरुवारी, मी एकटी येते. फोटो सरळ केलात का?

पूर्वा


शनिवार पेठ
५ फेब्रुवारी २०२६

चि. पूर्वा,

तू जाऊन तासही झाला नाही, पण डबा परत न्यायला कुरियरवाला आला आहे, म्हणून लिहिते.

काल रात्रीपर्यंत तुझा साचा भिंगाखाली घेऊन बसले होते. चूक काढायची होती. तेवीस नंबर अर्धा मिलिमीटर खाली हवा होता असं लिहायचं मी मनात तयारही केलं होतं. नाही सापडली. याची लेखी पोच तुला पुन्हा मिळणार नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

रजिस्टरमध्ये नाव बदललं. ‘अवनी’वर काट मारताना मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. वाटलं नाही, शाई सुकायला वेळ लागला एवढंच. फोटो सरळ केलेला नाही. तुला बघायला काहीतरी पाहिजे.

तू एकटी येणार म्हणाली होतीस. एकटीच आत आलीस, हे खरं. पण तुला खुर्चीत पाडून मी हातमोजे घ्यायला बाहेर गेले, तेव्हा बाकावर एक उंच मुलगा बसला होता, हातात हेल्मेट. मी विचारलं, ‘कोणाबरोबर?’ तो म्हणाला, ‘अव…’ आणि थांबला. मग म्हणाला, ‘पूर्वाबरोबर.’ तुला आत सांगितलं नाही, कारण तू हललीस तर साचा सरकला असता. बाहेर पडताना तो तुला भेटलाच असेल, पुढे तुमचं काय व्हायचं ते होवो, मला विचारू नकोस.

साचा बसला, चौदाही ब्रॅकेट राहिले. मग तार घालून आवळली आणि मी विचारलं, ‘दुखतंय का?’ तू ‘हो!’ म्हणालीस, आणि इतक्या जोरात म्हणालीस की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले.

तो मात्र बसून होता.

मंदाकिनी गद्रे